त्यूरा मावशीच्या बसवरचे झेंडे

कोपनहेगन,
४ ऑक्टोबर

प्रिय गुद्रुनताई,

तुझ्या दोन्ही गुडघ्यांना, तुझ्या मांजराला आणि तुला स्वतःला, याच क्रमाने, माझा प्रेमाचा नमस्कार. गुडघ्यांना आधी, कारण मागच्या पत्रात तू स्वतःबद्दल चार ओळी लिहिल्या होत्यास आणि त्यांच्याबद्दल दोन पानं. सिस्टर बोनाव्हेंतुरांनी आपल्याला शिकवलं होतं ना, की पत्रात आधी तब्येत, मग हवा, मग देवाचे आभार, आणि आपलं काम अगदी शेवटी, तेही जाता जाता आठवल्यासारखं. शाळा सोडून पन्नास वर्षं होत आली, पण माझा हात अजून त्याच क्रमाने चालतो. तर माझी तब्येत चांगली आहे (डाव्या बाजूची एक दाढ सोडून, पण ती मी मोजत नाही). हवा कोरडी आहे. तलावाकाठच्या चेस्टनटची फळं रस्त्यावर टपटप पडायला लागली आहेत, आणि मी अजूनही एखादं उचलून कोटाच्या खिशात टाकते. आत गेल्या वर्षीचं असतंच. देवाचे आभार मी गेले दोन आठवडे इतके मानते आहे की तो आता म्हणत असेल, पुरे कर, विबेके.

फोन का केला नाहीस, असं तू विचारशील. ही हकीकत फोनवर सांगण्यासारखी नाही, कारण तू मधे मधे बोलतेस. पत्रात तुला बोलता येत नाही, म्हणून मला पत्र आवडतं. शिवाय आमच्या कोपऱ्यावरची लाल पत्रपेटी काढून नेली, आणि आता पत्र टाकायचं म्हणजे तीन चौक चालून दुकानात जावं लागतं. इतकं चालायचं तर पत्र निदान लांब असावं. आणि एक आधीच सांगून ठेवते. आजोबांच्या ट्रामचे ते दोन झेंडे, हा विषय मी या पत्रात काढणार नाही. तुला त्याचा त्रास होतो (तुझ्या आईलाही व्हायचा), आणि ज्याचं त्याने आपल्या मनाशी ठरवावं. मी लिहिणार आहे ते बसवरच्या झेंड्यांबद्दल. ते वेगळे.

त्यूरा मावशी फेब्रुवारीत पडली, हे तुला ठाऊक आहे. दिवा बदलायला स्टुलावर चढली होती. (नव्वदीला टेकलेल्या बाईने दिवा का बदलायचा, असं मी विचारलं, तर म्हणाली, अंधार पडला म्हणून.) खुब्याचं हाड सांधलं, व्यायाम करून घ्यायला पालिकेची एक गोड मुलगी घरी यायची, आणि मे महिन्यात तिने मला बाजूला घेऊन सांगितलं, "पाय बरा झालाय हो. आता राहिलीय ती भीती. तिच्यावर माझ्याकडे व्यायाम नाही." मावशी घरातल्या घरात चाकाच्या वॉकरवर भराभर फिरायची, पण जिन्याच्या दाराशी आली की तिला काहीतरी आठवायचं. गॅस, खिडकी, रेडिओवरचा कार्यक्रम. तू तो जिना विसरली नसशील. चौथा मजला, बहात्तर पायऱ्या, लिफ्ट नाही, आणि कठड्यावरून घसरत आपण दोघी खाली यायचो म्हणून दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ ओरडायचे. त्या घरात मावशी साठ वर्षं राहते आहे. पोस्टाच्या खिडकीवर चाळीस वर्षं बसून रोज त्याच पायऱ्या चढून ती घरी आली. आणि पालिकेच्या एका बाईंचं पत्र आलं होतं, की ऑक्टोबरच्या पहिल्या गुरुवारी त्या येऊन पाहतील, आणि मावशीला स्वतःहून खाली उतरता येत नसेल तर शहराबाहेरच्या वृद्धाश्रमात तळमजल्यावर एक छान खोली आहे. छान हा शब्द पत्रात दोनदा होता. मावशीने पत्राची घडी करून ते साखरेच्या डब्याखाली ठेवलं, आणि त्यानंतर चहात साखर घेणं सोडलं.

म्हणून ऑगस्टमधल्या एका दुपारी मी म्हटलं, मावशी, एकोणीस सप्टेंबरला तुझी नव्वदी, आपण नेहमीसारखी बसची फेरी मारायची. नेहमीसारखी म्हणजे तुला माहीत आहे. आजोबा ट्राम चालवायचे त्याच लाइनवरून (ट्राम गेल्या, बस आल्या, वळणं तीच राहिली), पुढच्या जागेवर बसून, शेवटपर्यंत. आणि बसच्या कपाळावर दोन्ही बाजूंना ते छोटे लाल झेंडे, पांढऱ्या क्रुसाचे, वाऱ्यावर फडफडणारे. राजघराण्यातल्या त्या म्हाताऱ्या राजकन्येचा वाढदिवस त्याच तारखेला, म्हणून शहरातल्या सगळ्या बसना झेंडे, आणि मावशीच्या लहानपणी सगळ्या ट्रामना. पण आजोबांनी आपल्या धाकट्या लेकीला सांगून ठेवलं होतं की हे झेंडे तुझ्यासाठी लावतात, आणि मावशीने ते नव्वद वर्षं घट्ट धरून ठेवलं. राजकन्येबद्दल तिला राग नव्हता. "असू दे," म्हणायची, "बिचारीला माझ्यामुळे आयते झेंडे मिळतात." आपली अख्खी पिढी तिच्या हो ला हो करत मोठी झाली. थट्टेत की खरं, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही.

तर मावशी माझ्याकडे बघून म्हणाली, "बसवर झेंडे असतील तर मी उतरेन. नसतील तर नाही."

आता राजकन्या मार्चमध्ये वारली होती, हे तू वाचलं असशील. मीही वाचलं होतं. मेलेल्या माणसाच्या वाढदिवसाला बसवर झेंडे लावत नाहीत. आणि तरी, ताई, माझ्या तोंडून निघून गेलं, "असतील की मावशी. दरवर्षी असतात, यंदा का नसतील." इतकं सरळ खोटं मी याआधी बोलले ते सातवीत, तू सिस्टरांच्या खडूच्या डब्यात बेडूक ठेवलास तेव्हा. (तो मी ठेवला होता असं मी सांगितलं. आठवतं ना तुला? मला रोज आठवतं.)

रविवारी मी पापनिवेदनाला गेले. आमचे नवे फादर काझिमिर पोलंडचे आहेत, फार विचारी, आणि आमच्या भाषेत त्यांना अजून लांब वाक्य येत नाही, त्यामुळे त्यांचा सल्ला नेमका असतो. जाळीपलीकडून आधी त्यांनी विचारलं, "कुठली बस?" मी नंबर सांगितला. "माझीपण तीच," म्हणाले. मग म्हणाले, "खोटं बोललात. दोन रस्ते. मावशीला खरं सांगा. किंवा, जमलं तर, खोटं खरं करा. आधी दुसरं करून बघा. मावशी नव्वदची आहे." प्रायश्चित्त म्हणून जपमाळ म्हणायला सांगतील, या तयारीने मी गेले होते, आणि हे गळ्यात पडलं.

खोटं खरं करायचं म्हणजे आपल्यासारखी बाई काय करते? परवानगी मागते. मी नागरिक सेवा केंद्रात गेले, यंत्रातून नंबराची चिठ्ठी काढली, एकशे बेचाळीस, आणि सत्त्याण्णव चालू होता. मी विणकाम नेलं होतं. माझी पाळी आली तेव्हा मोज्याची टाच वळली होती. खिडकीवर सिग्ने नावाची मुलगी, इतकी हसरी की मला तिच्याशी खोटं बोलवेना. तिने विचारलं, कशाबद्दल आहे. म्हटलं, झेंड्यांबद्दल. "घरावरच्या?" "नाही, बसवरच्या." तिने पडद्यावर बोट फिरवलं. पासपोर्ट, वाहन परवाना, पत्ता बदल, लग्न. यात कशात बसतं, असं तिने मलाच विचारलं, आणि मी म्हटलं, लग्नाच्या जवळपास असावं. तिने मनापासून शोधलं. शेवटी म्हणाली, "बाई, मावशीच्या वाढदिवसाला शहराच्या बसवर झेंडे लावायला फॉर्म नाही. पण तुम्हाला नाही म्हणायलाही माझ्याकडे फॉर्म नाही." आपल्या देशात यापुढे रस्ता संपतो. पण सिग्ने म्हणाली, थांबा, मी तुमचा प्रश्न योग्य ठिकाणी पाठवते. मला इतकं बरं वाटलं की जाताना मी तिला पिशवीतलं एक प्लम दिलं. घरी येऊन मी मावशीला फोन केला आणि म्हटलं, झेंड्यांचं काम मार्गी लागलंय.

मार्गी लागलं होतं. पाच दिवसांनी माझ्या सरकारी टपालाच्या पेटीत (संगणकातली, जी उघडायला मला दरवेळी तीन वेळा सिद्ध करावं लागतं की मी मीच आहे) एक उत्तर आलं. योग्य ठिकाणी बसलेल्या कुणा सभ्य माणसाने लिहिलं होतं, की आपण जागरूकपणे लक्षात आणून दिल्याबद्दल आभार, झेंडे लावण्याच्या तारखांच्या यादीत दिवंगत राजकन्येची एकोणीस सप्टेंबर ही तारीख नजरचुकीने राहून गेली होती, ती आजपासून वगळण्यात आली आहे, आणि आपला दिवस चांगला जावो.

मी ते चारदा वाचलं. कळलं का तुला, ताई? यादी कुणी बदललेलीच नव्हती. मी गप्प घरी बसून मोजे विणले असते तर एकोणीस तारखेला सकाळी डेपोतल्या माणसांनी भिंतीवरची यादी बघून मुकाट्याने शहरातल्या एकूण एक बसवर झेंडे चढवले असते. मी विचारायला गेले, म्हणून ते उतरले. मी त्या दिवशी जेवले नाही. (म्हणजे राय ब्रेडचा एक तुकडा आणि हेरिंग मासा खाल्ला, पण उभ्याने.)

दुसऱ्या दिवशी मी त्या लाइनच्या शेवटच्या थांब्यावर जाऊन उभी राहिले. का, ते सांगता येणार नाही. गुन्हेगार जागेवर परत येतो म्हणतात तसं असेल. बस उभी होती, आणि चालक पायरीवर बसून थर्मासमधली कॉफी पीत होता. ओरहान त्याचं नाव. मिशा पांढऱ्या, बावीस वर्षं याच रस्त्यावर, चार वर्षांचा असताना आईबापांबरोबर तुर्कस्तानातून आलेला. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, की एकोणीस तारखेला झेंडे असतात ना यावर.

"असायचे," तो म्हणाला. "कालच आदेश आला, काढा म्हणून. कुणीतरी चौकशी केली म्हणे. बाई, लोकांना काही कामधंदा नसतो."

मी थांब्याजवळच्या चेस्टनटच्या झाडाकडे बघत राहिले. पण फादर काझिमिर डोळ्यांपुढे आले आणि मी म्हटलं, "ती मी."

ओरहानने कॉफीचं झाकण हळूच खाली ठेवलं. मग मी त्याला सगळं सांगितलं, बहात्तर पायऱ्या, साखरेचा डबा, ट्राम चालवणारे आजोबा, सगळं. त्याने ऐकून घेतलं, आणि म्हणाला, "तुमचं हे असंच असतं. तुम्ही आधी विचारता. मला विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं, विचारू नका." मग उठून त्याने बसची पुढची काच आतून थोपटली. "बाहेर लावायला आदेश लागतो. काचेच्या आत मात्र माझं राज्य. गेल्या वर्षी दोन महिने इथे फुटबॉलचा गळपट्टा होता, कुणी हू की चू केलं नाही. माझी अकरा वाजून बाराची फेरी आहे त्या दिवशी. झेंडे आणा, मी लावतो."

आणा म्हणणं सोपं आहे. तुला वाटेल, झेंड्यांचा काय तोटा, आपण लोक केकवरही झेंडा खोचतो. पण माझ्या घरात नीट असा झेंडा एकच, टेबलावरचा, आणि त्याचा दांडा मांजराने चावलेला. (घरातल्या कुणाकडे आणखी दोन असतील, तर तो विषय मी काढणार नाही असं वर म्हटलंच आहे.) दुकानात गेले तर पन्नाशीचे फुगे होते, साठीचे होते, नव्वदीचं काही नव्हतं. शेवटी तळघरात उतरले आणि ख्रिसमसचं खोकं उघडलं. झाडाला गुंडाळतो त्या कागदी झेंड्यांच्या माळा, सहा होत्या. आईने घडी घालून ठेवलेल्या, अजून मेणबत्तीचा वास येणाऱ्या. पण त्यांत लाल-पांढरी विणलेली कागदी हृदयं अशी गुंतली होती की सोडवायला गेले तर झेंडे फाटायला लागले, आणि एका माळेला लाल टोपीचा तो नाताळचा बुटका बाहुला, खुजा, लटकत होता, त्याची दाढी दोऱ्यात अडकलेली. मी तिथेच खोक्याच्या काठावर बसून थोडी रडले. त्यातली दोन हृदयं तुझ्या हातची होती, वाकडी, सिस्टरांनी उसवून परत करायला लावलेली. मग मी सगळं तसंच पिशवीत भरलं आणि ओरहानला नेऊन दिलं. तो खुज्याकडे बराच वेळ बघत होता. "हा पण?" म्हणाला. मी म्हटलं, निघत नाही.

एकोणीस तारखेला सकाळी दहालाच मी मावशीकडे. मावशी तयार बसली होती, निळा कोट, मोत्याचा ब्रोच, ओठांना किंचित रंग. शेजाऱ्यांनी काय केलं होतं, ऐक. प्रत्येक मजल्यावरच्या चौकात एकेक खुर्ची मांडून ठेवली होती. चौथ्यावर जेवणाची, तिसऱ्यावर ऑफिसची गरगर फिरणारी (तिच्यावर मावशी जरा जास्तच वेळ बसली), दुसऱ्यावर मुलांची बुटकी, पहिल्यावर पियानोचं स्टूल. कुणी दार उघडून बघितलं नाही. आपल्या लोकांना प्रेम असलं तरी ते दाराआडूनच करायला आवडतं. पण प्रत्येक दाराआड कुणीतरी श्वास रोखून उभं होतं, मला ऐकू येत होतं. मावशीने एक हात कठड्यावर आणि एक माझ्या दंडावर ठेवला, आणि पहिली पायरी उतरायच्या आधी विचारलं, "झेंडे आहेत ना?" मी म्हटलं, आहेत. तेवढ्यापुरतं ते खरं होतं.

बहात्तर पायऱ्यांना सव्वीस मिनिटं लागली. (वॉकर मी आधीच खाली नेऊन ठेवला होता.) खाली रस्त्यावर पाऊल टाकल्यावर मावशीने वर बघितलं, चौथ्या मजल्यावरच्या आपल्याच खिडकीकडे, सात महिन्यांनी खालून. नाक शिंकरलं फक्त.

थांब्यावर उभ्या राहिलो तेव्हा अकरा बारा होऊन गेले. अकरा तेरा, अकरा चौदा. मग कोपऱ्यावरून बस वळली. तिच्या कपाळावर दोन्ही बाजूंना काहीही नव्हतं. मोकळ्या खाचा. आणि काचेच्या आत, या टोकापासून त्या टोकापर्यंत, पडद्याच्या झालरीसारख्या सहा पदरी माळा, कागदी हृदयं, आणि बरोबर मधोमध, चालकाच्या नाकासमोर, डोलणारा खुजा.

बस थांबली, चढायला सोपं जावं म्हणून बाजूने खाली झुकली, दार उघडलं. मावशी हलली नाही. आतले लोक आपापल्या बुटांकडे बघू लागले. मी मनात म्हटलं, संपलं, आता ती वळणार, बहात्तर पायऱ्या चढणार आणि पुन्हा उतरणार नाही, आणि ऑक्टोबरच्या त्या गुरुवारी पालिकेच्या बाई येऊन छान खोलीचं पक्कं करतील.

"विबेके," मावशी म्हणाली, "हे माझ्यासाठी की नाताळासाठी?"

तेवढ्यात ओरहान आपली जागा सोडून दाराशी आला. (चालक जागा सोडत नाही, ताई, तू इतकी वर्षं बेटावर आहेस, पण एवढं तुझ्या लक्षात असेल.) टोपी सारखी करून म्हणाला, "त्यूराबाई, तुमच्या वडिलांच्या रस्त्यावर बावीस वर्षं गाडी हाकतोय मी. नव्वदीचे झेंडे बाहेर मावेनात, म्हणून आत लावले."

मावशीने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तुम्ही तीन मिनिटं उशिरा आहात," ती म्हणाली. "माझे बाबा एक मिनिटही उशिरा नसायचे." आणि वॉकर पुढे ढकलून आत चढली.

पुढच्या जागेवर एक सूट घातलेले गृहस्थ बसले होते, ते चटकन उठले. बस निघाली. नेहमीसारखी शांतता. मग एका बाबागाडीवाल्या मुलीला राहवलं नाही. झेंडे दिसले की आपल्या माणसाला एकच प्रश्न पडतो, आणि तो दाबून धरायला फार ताकद लागते. "कुणाचा वाढदिवस?" तिने विचारलं. "माझा," मावशी म्हणाली, "नव्वदावा, आणि हो, आम्हाला नाताळ लवकर येतो." कुणीतरी हसलं. मागून कुणी वाढदिवसाचं गाणं सुरू केलं, ते वाद्यांच्या नकला करत म्हणायचं, आणि तलावाच्या पुलावर पोचेपर्यंत अख्खी बस गात होती. सूटवाल्या गृहस्थांनी बॅग मांडीवर ठेवून हवेत ट्रॉम्बोन वाजवला, दोन्ही हातांनी, फार सुरेख. मधल्या थांब्यावर फादर काझिमिर चढले (मी त्यांना बोलावलं नव्हतं, शपथेवर सांगते). त्यांनी खुज्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मान डोलावली. माझं प्रायश्चित्त फिटलं असं मी समजते.

आणि मग, गाणं संपल्यावर, मावशी माझ्याकडे न वळता, समोर ओरहानच्या पाठीकडे बघत म्हणाली, "मला सातव्या वर्षापासून ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

"झेंडे कुणाचे ते. शाळेत एका मुलीने सांगितलं, मी तिची वेणी ओढली, आणि घरी येऊन बाबांना काही बोलले नाही." तिने कोटावरचा ब्रोच सारखा केला. "झेंड्याच्या दिवशी ट्रामला गर्दी, बाबांना कधी सुट्टी नसायची. माझ्या एकाही वाढदिवसाला ते घरी नव्हते. म्हणून म्हणायचे, झेंडे तुझ्यासाठी लावलेत, बघायला ये. मी जायची. त्यांच्या पाठीमागच्या जागेवर बसून शेवटच्या थांब्यापर्यंत. तिथे दहा मिनिटं गाडी थांबायची. ती दहा मिनिटं माझी. झेंडे राजकन्येचे असू देत नाहीतर आणखी कुणाचे."

मी म्हटलं, "मग झेंडे नसतील तर उतरणार नाही म्हणालीस, ते?"

"अगं, वर्तमानपत्र वाचते की मी. बाई मार्चमध्येच गेल्या. झेंडे लागणार नाहीत हे माहीत होतं म्हणून तर अट घातली. मला त्या जिन्याची भीती वाटत होती, विबेके. वाटलं, सुटले. तर तू म्हणालीस, असतील. म्हटलं, ही पोरगी सिस्टरांकडे शिकलीय, ही कशाला खोटं बोलेल. खरंच असतील तर बघायला हवं." मग तिने माझ्या गुडघ्यावर थोपटलं. "चांगलं बोललीस हो खोटं. सवय नसताना."

शेवटच्या थांब्यावर ओरहानने दहा मिनिटं कॉफी प्यायची असते. त्याने थर्मासच्या झाकणातली पहिली कॉफी मावशीला दिली, आणि ती दोघं कुठल्या वळणावर ट्राम कशी किरकिरायची यावर इतकी रंगली की निघायला पुन्हा दोन मिनिटं उशीर झाला. या वेळी मावशीने त्याबद्दल काही म्हटलं नाही. परतीला आम्ही न्यूहाव्हनच्या धक्क्याजवळ उतरलो, कारण तिला आता बोटही हवी होती, बंदरातली ती पिवळी, बसच्याच तिकिटावर चालणारी. बोटीने जाताना दगडावर बसलेली ती आपली ब्राँझची जलपरी मागून दिसते. मावशीने नव्वद वर्षांत ती पुढूनच पाहिली होती, आणि तिच्या मते मागून ती कमी रडकी दिसते. मग मावशीची नजर बोटीच्या शेपटाकडे गेली. तिथे दांड्यावर झेंडा, चांगला मोठा, वाऱ्यावर सपासप वाजणारा. तिने खलाशाला विचारलं, आज काय विशेष? तो म्हणाला, काही नाही बाई, बोटीवर रोजच असतो.

"रोज?" मावशी म्हणाली. आणि माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी लगेच ओळखलं, आज गुरुवार, आता आपले सगळेच गुरुवार बोटीवर गेले.

आता शेवटचं सांगते. काल गुरुवार होता, पालिकेच्या बाई यायचा दिवस. मी साडेनऊला केक घेऊन पोचले. बाई जिन्याच्या दाराशी उभ्या होत्या, हातात फाइल, धाप लागलेली, बहात्तर पायऱ्या चढून आलेल्या. आम्ही दोघींनी घंटा वाजवली. पुन्हा वाजवली. माझ्या मनात नको ते येऊन गेलं. मग तिसऱ्या मजल्यावरचं दार किलकिलं झालं आणि आतून आवाज आला, "त्यूराबाई आठलाच गेल्या. बोटीवर." बाईंनी माझ्याकडे पाहिलं, पायऱ्यांकडे पाहिलं, मग फाइल भिंतीला टेकवून लिहिलं. मी वाकून वाचलं, तू असतीस तर तूही वाचलं असतंस. लिहिलं होतं, भेट होऊ शकली नाही, नागरिक फिरायला गेल्या आहेत. खाली सही. मग आम्ही दोघींनी पायरीवर बसून केक खाल्ला.

तुझ्या गुडघ्यांना पुन्हा एकदा नमस्कार, आणि मांजराच्या कानामागे माझ्या नावाने खाजव.

तुझी,
विबेके

ता. क. जाता जाता आठवलं. मावशीचं म्हणणं असं, की बस शहराची, बोट बंदराची, पण वॉकर तिचा स्वतःचा, आणि त्याच्या दोन्ही मुठींना पुढे झेंडा लावायला कुणाचा आदेश लागत नाही. तिला कागदी नकोत, आजोबांना निवृत्त होताना डेपोने दिलेले ते खरे, ट्रामचे, हवेत. ताई, आजोबांच्या कपाटाची आवराआवर तू आणि तुझ्या आईने केली होती. त्यानंतर ते झेंडे कुणी पाहिले नाहीत. मी चाळीस वर्षांत तुला सरळ विचारलं नाही, आजही विचारत नाही, फक्त एवढंच लिहिते, की एखाद्या खणात, टेबलक्लॉथच्या खाली वगैरे, चुकून असतील, तर पाठव. बेडकाचं आपण फिटलं म्हणू.

पुन्हा ता. क. हे पत्र पाकिटात घालण्याआधी मावशीला वाचून दाखवलं, कारण तिकीट सरळ लागलंय की नाही हे ती बघितल्याशिवाय सोडत नाही. वरचं ता. क. ऐकून तिने चष्मा काढून ठेवला. मग उठून आतल्या खोलीत गेली, चादरींच्या कपाटाच्या तळातून एक गुंडाळी काढून आणली आणि माझ्यासमोर ठेवली. दोन्ही आहेत. एकालाही कसर लागलेली नाही. आजोबांनीच तिला दिले होते, शेवटच्या थांब्यावर, कुणाला सांगू नकोस म्हणून. तिने सांगितलं नाही. मी विचारलं, मग चाळीस वर्षं आम्ही गुद्रुनताईवर संशय घेतला तो? तर म्हणाली, "ती चिडली की तिचे कान किती सुंदर लाल व्हायचे, तू पाहिलेस ना."

तेव्हा काही पाठवू नकोस, ताई. तूच ये. मावशी माफी मागणार नाही, हे मी तुला आत्ताच सांगून ठेवते, तिची तशी पद्धत नाही. पण मी मागेन. शिवाय मला बोट लागते, हे तुला शाळेच्या सहलीपासून माहीत आहे, आणि पुढचा गुरुवार सहा दिवसांवर आहे. खालच्या मजल्यांवरच्या खुर्च्या अजून काढलेल्या नाहीत. तुझ्या गुडघ्यांसाठी तशाच ठेवायला सांगते.

वि.